‘अस्तु’ आणि ‘आमेन’ : एका मराठी चित्रपटाच्या निमित्ताने

पाळक व उपदेशक यांच्या हाती जाणाऱ्या पत्रिकेत चित्रपटाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकबंधूच्या मनात येईल. त्याचे उत्तर आरंभीच देतो. ज्या विषयावर आपल्या व्यासपीठावरून सहसा बोलले जात नाही, त्या विषयावर एका मराठी चित्रपटाने बोलण्याचे धैर्य दाखविले आहे. म्हातारपणी स्मृती व बुद्धी ढळत जाणे, ज्यास वैद्यकशास्त्र ‘डिमेन्शिया’ म्हणते, आणि अशा माणसाची घरात शुश्रूषा करणे, हा तो विषय होय. चित्रपटाचे नाव ‘अस्तु’. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी तो दिग्दर्शित केला आणि २०१३ सालच्या चित्रपटांसाठी दिलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत अमृता सुभाष यांस साहाय्यक अभिनेत्रीचा (विभागून) व सुमित्रा भावे यांस संवादलेखनाचा पुरस्कार त्याने मिळवून दिला. सुमित्राबाई २०२१ साली निवर्तल्या. चित्रपट नवा नाही. आम्हीही तो उशिराच पाहिला, आणि पाहिला तो हैदराबादेत, गौलीगुड्याच्या एका गल्लीतील घरात, जिथे या चित्रपटाचा विषय पलीकडच्या खाटेवर निजलेला होता.

त्या घराविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढील सारे मत त्या घरात बसून बनलेले आहे. खाटेवर आमच्या आत्याबाई होत्या, वय अठ्ठ्याऐंशी. त्या मूळच्या उदगीरकडच्या. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होते आणि बिदर निजामच्या राज्यात. लग्न होऊन त्या १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेपूर्वी गौलीगुड्यात आल्या व तेथेच राहिल्या. शाळेत शिकविले, रविवारचे वर्ग चालविले, घरोघर जाऊन स्त्रियांना पवित्र शास्त्र वाचून दाखविले. माहेरची मराठी, शेजारची कानडी, बाजारातली दखनी, आणि गल्लीतली तेलुगू, अशा चार भाषा त्यांच्या तोंडी होत्या, व कोणाशी कोणती बोलावी हे त्यांना कधी ठरवावे लागले नाही. सात वर्षांपूर्वी विसरणे सुरू झाले. पुढे पक्षाघाताचा झटका आला व वाचा गेली. अगदी गेली असे नव्हे, एक शब्द उरला. तो शब्द ‘पाणी’. भूक लागली की ‘पाणी’, उजेड डोळ्यांवर आला की ‘पाणी’, कोणी आले की ‘पाणी’, आणि प्रार्थनेच्या शेवटी सर्व ‘आमेन’ म्हणतात तेव्हाही ‘पाणी’. हा शब्द मराठीतला की दखनीतला, हेही सांगता येत नाही, कारण दोहोंत तो जवळजवळ एकच आहे.

त्यांची सून, म्हणजे आमच्या वहिनी, या एका शब्दाचे अनेक शब्द ओळखतात. आम्ही एकदा लगबगीने पेला पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, हे तहानेचं पाणी नाही. हे उठवून बसवा म्हणायचं पाणी आहे.” आणि तसेच होते. पातळ पदार्थाने ठसका लागतो म्हणून दूधदेखील बिस्किट कालवून दाट करून चमच्याने भरवावे लागते. एका घासाला दोन मिनिटे, एका जेवणाला तासभर. चालता येत होते त्या काळात तर आणखी एक व्याप होता. संध्याकाळ झाली की आत्याबाई साडीत दोन लुगडी व एक फणी बांधून गाठोडे काखेत घेत आणि दाराशी उभ्या राहत. त्यांना उदगीरची बस गाठायची असे. जिल्ह्यांच्या गाड्या पूर्वी गौलीगुड्याच्या स्थानकातूनच सुटत; निजामाच्या काळचे विमानांचे ते अर्धगोल लोखंडी छप्पर पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. १९९४ साली लांबच्या गाड्या इमलीबनच्या नव्या स्थानकावर गेल्या आणि ५ जुलै २०१८ रोजी ते जुने छप्परही कोसळले. आत्याबाईंचे स्थानक मात्र उभेच होते. दाराची कडी वर, हात पोचणार नाही अशी बसविली, पदराच्या आतल्या अंगाला पत्ता शिवला, तरी दोनदा त्या निसटल्या.

‘अस्तु’ची गोष्ट अशाच निसटण्याची आहे. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे पुण्याचे संस्कृतचे निवृत्त विद्वान. त्यांना अल्झायमरचा विकार जडला आहे. थोरली मुलगी इरा एके दिवशी त्यांना आपल्याबरोबर नेते, बाजारात त्यांना मोटारीत ठेवून थोड्या वेळासाठी दूर जाते, आणि तेवढ्यात रस्त्याने एक हत्ती जातो. लहान मुलाप्रमाणे मोहित होऊन म्हातारा त्या हत्तीमागे चालू लागतो. एकीकडे मुलगी त्यांना शोधीत असते. दुसरीकडे माहुताच्या पालापाशी पोचलेल्या या अनोळखी म्हाताऱ्याला माहुताची बायको चन्नम्मा जेवू घालते, सांभाळते, आणि तो तिला ‘आई’ म्हणू लागतो. कथानक म्हणून एवढेच. मधून मधून मागच्या दिवसांची चित्रे येतात आणि हा माणूस पूर्वी कोण होता हे आपणास कळत जाते.

चित्रपटाची बलस्थाने प्रथम सांगितली पाहिजेत, कारण ती थोर आहेत. शास्त्रींची भूमिका करणारे मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. ते करुणा मागत नाहीत. रुग्णाच्या चेहऱ्यावर जो एक रिता, किंचित अपमानित, किंचित हट्टी भाव असतो, तो त्यांनी नेमका धरला आहे, आणि हत्ती दिसताच त्या चेहऱ्यावर येणारा आनंद हा वेडेपणाचा नसून खराच आनंद आहे, हे ते प्रेक्षकाला पटवितात. आम्ही पाळक लोक रुग्णाच्या घरी जातो तेव्हा आपल्या चेहऱ्यावर आधीच शोक चढवून जातो. खाटेवरच्या माणसाला आज सकाळी चिमणी दिसून हर्ष झाला असेल, ही शक्यता आमच्या लक्षातही येत नाही. चित्रपटाने ती दाखविली.

दुसरे बळ इराच्या भूमिकेत आहे. इरावती हर्षे यांची इरा आदर्श कन्या नाही. ती दमलेली आहे, तिचा संसार आहे, आणि वडील हरवले त्या क्षणी तिच्या मनात भीतीच्या तळाशी आणखीही काही असावे अशी शंका प्रेक्षकाला येते. ते ‘आणखी काही’ काय, हे शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते व कोणीही मंडळीपुढे बोलत नाही. चित्रपट त्याकडे बोट दाखवून थांबतो; तिला गुन्हेगार ठरवीत नाही. दोघी बहिणींमधील ताणही त्यात आहे. आई-बापांच्या आजारपणात भावंडे एकमेकांना ओळखेनाशी होतात, हे स्मृतिभ्रंश न होताही घडते.

आता आमचे मतभेद.

पहिला असा की शास्त्री फार सुंदर रीतीने विसरतात. त्यांचे नाव-गाव गेले, तरी संस्कृत उरले आहे. भंगलेल्या मनातून श्लोक उमटतात व त्या उमटण्याने पडझडीलाही एक भव्यता येते. मराठी रंगभूमीची ही जुनीच आवड आहे. १९७० साली आलेल्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर आठवा. सर्वस्व गेले तरी त्यांची वाणी शाबूत आहे, किंबहुना सर्वस्व गेल्यावरच ती विशेष फुलते. आपल्या साहित्यात वृद्धाचे दुःख वक्तृत्वाच्या वाटेने येते. ज्याची वाणीच गेली त्याचे काय? ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभर गवंडीकाम केले आणि ज्याच्याजवळ आठवायला श्लोक नव्हतेच, त्याच्या विसरण्याला कोणती भव्यता? खाटेवर पडून दिवसभर ‘पाणी’ म्हणणाऱ्या स्त्रीवर नाटक लिहिले जात नाही, कारण दुसऱ्या अंकात ती काय बोलणार, हा नाटककारापुढे प्रश्न आहे. पण मंडळीतील बहुसंख्य रुग्ण शास्त्रींसारखे नसून आत्याबाईंसारखे आहेत. हा दोष एका चित्रपटाचा नव्हे, हे मान्य करतो. तथापि अशा चित्रपटाकडूनच ती अपेक्षा करावयाची.

वाचेविषयी येथे दोन शब्द अधिक लिहितो, कारण आमच्या उपदेशकबंधूंत एक गैरसमज दृढ आहे की जो बोलू शकत नाही त्याला समजतही नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्यापुढे एक रुग्ण आला, ज्याला ‘तान’ या एका अक्षरसमूहाखेरीज काही बोलता येत नव्हते. पण त्याला बोललेले पुष्कळसे समजत होते. मरणोत्तर तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. बोलणे आणि समजणे यांची स्थाने मेंदूत सर्वस्वी एक नाहीत, हे तेव्हापासून ज्ञात आहे. डिमेन्शियात समजूतही हळूहळू जाते, हे खरे. पण किती गेली हे बोलण्यावरून मोजता येत नाही. गाण्याचे तर आणखी निराळे. ज्यांना एक वाक्य जुळविता येत नाही असे कित्येक रुग्ण पाठ असलेले गीत शब्दांसह गातात. याच अनुभवावर आधारलेली एक वाचोपचार पद्धती बोस्टन येथे १९७३ साली मांडली गेली. आम्ही हे गौलीगुड्यात प्रत्यक्ष पाहिले. वहिनींनी ‘उपासना-संगीत’ उघडून टिळकांचे एक पद धरले, आणि दुसऱ्या ओळीपासून आत्याबाई ‘पाणी’ सोडून शब्द म्हणू लागल्या. पद संपले तसे शब्दही संपले.

चार भाषांचा उल्लेख वर केला त्याचेही कारण आहे. हैदराबादच्याच निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शिया-रुग्णांचा अभ्यास केला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते, आणि एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसून आले. निरक्षरांतही हा फरक आढळला, म्हणून केवळ शाळेच्या शिक्षणाने त्याचा उलगडा होत नाही. जगाचे लक्ष वेधणारा हा अभ्यास हैदराबादेतच व्हावा यात नवल नाही. गौलीगुड्यात भाजी घ्यायला गेले तरी तीन भाषा लागतात. साडेचार वर्षे म्हणजे नातवंडाला चालायला व बोलायला शिकविण्याइतका काळ. आत्याबाईंना तेवढा मिळाला असेल, नसेल. एका व्यक्तीविषयी सरासरी काही सांगत नाही.

दुसरा मतभेद चन्नम्मेविषयी आहे, आणि तो मांडताना आम्हांस संकोच वाटतो, कारण ती या चित्रपटातील सर्वांत जिवंत व्यक्ती आहे. अमृता सुभाष यांनी कानडीमिश्रित मराठीत, जराही गोडवा न पाजळता, तिला उभी केली आहे. म्हाताऱ्याचे बोलणे तिला कळत नाही, तिचे त्याला कळत नाही, आणि तरी दोघांचे चांगले चालते. कित्येक सुशिक्षित घरांत सर्वांची भाषा एक असूनही जे होत नाही, ते येथे होते. हे चित्र सत्य आहे. पण ते अर्धे आहे. चन्नम्मा ज्याला भरवते त्याला तिने पूर्वी कधी पाहिलेले नाही. विद्वान चक्रपाणी तिने गमावलेलाच नाही. म्हणून समोर आलेल्या माणसाला ती आहे तसा घेऊ शकते. इराला दोघांना सांभाळावयाचे आहे, समोर बसलेल्याला आणि निघून गेलेल्याला. शिवाय चन्नम्मेजवळ तो पाहुणा आहे. इराजवळ तो उद्याही आहे आणि परवाही. गरीब, अशिक्षित स्त्रीच्या ठायी जन्मजात मातृत्व असते व शहरी स्त्रीने तिच्यापासून शिकावे, ही कल्पना मराठी साहित्यात पुष्कळ दिवस फिरत आहे. ती ऐकावयास गोड आहे, पण पगारावर शुश्रूषा करणाऱ्या हजारो बायकांना विचारले तर त्या हसतील. आमच्या वहिनींनी चन्नम्मेचा तो प्रसंग पाहिला व एवढेच म्हणाल्या, “एक दिवस मीसुद्धा असंच केलं असतं.”

२००५ साली आलेल्या जाह्नू बरुआ यांच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’ या हिंदी चित्रपटाशी तुलना केली तर ‘अस्तु’ची श्रेष्ठता स्पष्ट होते. तेथेही निवृत्त प्राध्यापक आहे, तेथेही मुलगी आहे. परंतु विकाराला एक रहस्य व त्या रहस्याला एक किल्ली आहे. गांधीजींच्या चित्राशी बालपणी घडलेल्या एका प्रसंगाचा अपराधभाव उलगडला म्हणजे विकाराचा अर्थ लागतो. प्रेक्षकाला हे सोयीचे वाटते, आणि पाळकालाही. जन्मांध मनुष्याला पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले होते (योहान ९). प्रभूने तो प्रश्नच नाकारला. आपल्या मंडळ्यांत मात्र तो अजून जिवंत आहे. आत्याबाईंच्या घरी येऊन, पूर्वी कोणाशी वैर होते काय, ते कबूल करवून घ्या म्हणजे वाचा येईल, असे सांगणारे एक गृहस्थ आले होते. ‘अस्तु’त किल्ली नाही. मेंदू झिजला आहे, एवढेच आहे, आणि पुढे काय करावयाचे हा प्रश्न आहे.

आता नावाकडे वळू. ‘अस्तु’ म्हणजे ‘असो’, ‘असे होवो’. झाले ते स्वीकारावे, पूर्वीच्या माणसाला धरून न बसता आताच्या माणसाला हो म्हणावे, असा चित्रपटाचा रोख आहे. आपल्यापैकी अनेकांना येथे ‘आमेन’ आठवेल, कारण उपासनेत आपण त्याचा अर्थ ‘तथास्तु’ असाच शिकवितो. आमच्या मते हे भाषांतर अपुरे आहे, आणि प्रस्तुत विषयात त्या अपुरेपणाला महत्त्व आहे. इब्री ‘आमेन’ ज्या धातूपासून येतो त्यात दृढ असणे, भार पेलणे, विश्वासार्ह असणे हा अर्थ आहे. आणि त्याच अक्षरांच्या धातूपासून ‘ओमेन’ व ‘ओमेनेत’ हे शब्द येतात, त्यांचा अर्थ लेकराला उराशी वाहणारा दाया-बाप वा दाई असा आहे. काही कोशकार हे दोन धातू वेगळे मानतात. जुन्या कोशांत ते एकत्र आहेत. व्युत्पत्तीचा वाद पंडितांकडे सोपवू. शास्त्राच्या पानांवर हे शब्द कोठे येतात ते पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

गणना ११ मध्ये मोशे देवाशी भांडतो. या लोकांना काय मी गर्भी धरिले, की दाया-बापाने तान्ह्याला न्यावे तसे मी यांना उराशी धरून न्यावे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे, आणि त्यापेक्षा मला मारून टाक, असे तो शेवटी म्हणतो. शुश्रूषा करणाऱ्याच्या तोंडचे इतके उघडे बोल शास्त्रात अन्यत्र क्वचितच आढळतील. देव त्याला धीर धर असे सांगत नाही, त्याच्या श्रद्धेची परीक्षाही घेत नाही. तो सत्तर वडील गोळा करावयास सांगतो, भार वाटून घेण्यासाठी. रूथ ४ मध्ये वृद्ध नामी ही ‘ओमेनेत’ होते. आणि २ शमुवेल ४ मध्ये एक दाई आहे, जिचे नावही दिलेले नाही. योनाथानाच्या मृत्यूची वार्ता येताच ती पाच वर्षांच्या मफीबोशेथाला उचलून पळते, आणि घाईत तो पडून दोन्ही पायांनी लंगडा होतो. शास्त्र तिला दोष देत नाही. जे घडले ते सांगून पुढे जाते. मोटारीत वडिलांना ठेवून गेलेली इरा पाहताना आम्हांस ही दाई आठवली, आणि कडी लावावयाची राहिली म्हणून आजही स्वतःला बोल लावणाऱ्या वहिनी आठवल्या.

‘अस्तु’ या शब्दाने इराने काय करावे हे कळते. तिच्यासाठी कोणी काय करावे हे कळत नाही. चित्रपटाचा विचार एका अंतःकरणातील स्वीकारापाशी येऊन थांबतो. सत्तर वडील त्यात नाहीत. जॉन स्विंटन या स्कॉटलंडमधील ईश्वरविज्ञानवेत्त्याने, जो आधी परिचारक होता, २०१२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. टॉम किटवुड यांनी १९९७ साली मांडले होते की रुग्णाचे माणूसपण भोवतालच्या लोकांनी दिलेल्या मानावर उभे असते. स्विंटन विचारतो, भोवतालचे लोक निघून गेले तर? आणि उत्तर देतो की आपण देवाला आठवतो म्हणून नव्हे, तर देव आपणास आठवतो म्हणून आपण आहोत. हे उत्तर आम्ही मनापासून स्वीकारतो. पण ते पुलपिटावरून सांगून घरी जाणे फार सोपे आहे, हेही आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे.

तो अनुभव असा. तीन वर्षांपूर्वी आत्याबाईंना व्हीलचेअरवरून उपासनेस आणले होते. प्रभुभोजन आम्हीच देत होतो. त्या रांगेच्या टोकाशी होत्या. आम्ही जवळ गेलो, त्यांनी ‘पाणी’ म्हटले, मोठ्याने, दोनदा. मागच्या बाकांवर कोणी हसले. भाकर तोंडातून खाली पडेल, त्यांना हे काय आहे ते कळणार नाही, असा विचार आमच्या मनात येऊन आम्ही डोक्यावर हात ठेवला व पुढे गेलो. ज्यांनी आम्हांला लहानपणी प्रभूची प्रार्थना शिकविली, त्यांना समज नाही असे आम्ही अर्ध्या क्षणात ठरविले. एली याजकाने हन्नेचे ओठ हलताना पाहिले, आवाज ऐकू आला नाही, आणि ती प्यालेली आहे असा निर्णय दिला (१ शमुवेल १). एलीला निदान हन्नेने उत्तर दिले व त्याने आपली चूक सुधारली. आम्हांला उत्तर देण्यास आत्याबाईंजवळ एकच शब्द होता आणि तो त्यांनी आधीच उच्चारला होता.

वहिनी त्या वेळी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या उपासनेस आल्याच नाहीत, आणि सासूबाईंना सोडून येता येत नाही हे कारण आम्ही स्वीकारले, कारण ते खरेही होते. चित्रपट पाहून झाल्यावर, यंत्र बंद करता करता, त्यांनी तो दिवस काढला. “भाऊजी, त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं होतं,” त्या म्हणाल्या. “भरवताना उघडतात तसं. तुम्ही बघितलं नाही.” लंगडा मफीबोशेथ राजाच्या मेजावर नित्य जेवीत असे (२ शमुवेल ९), त्यावर आम्ही निदान चार वेळा प्रवचन केले आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाकर व प्याला घेऊन त्या घरी गेलो. भाकर द्राक्षरसात भिजवून चमच्याने, वहिनींनी दाखविल्याप्रमाणे, बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून दिली. चार मिनिटे लागली. आत्याबाईंनी गिळले. त्यांना काय कळले हे आम्ही लिहू शकत नाही. मंडळीच्या कोणत्याही व्यवस्थापुस्तकात चार मिनिटांस मनाई केलेली आम्हांस आढळली नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक. ज्या मंडळीत शंभर वृद्ध आहेत तेथे पाळकाला अशी एकही व्यक्ती माहीत नसेल, तर ती व्यक्ती नाही असे नव्हे; दाराला वर कडी बसविलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. २००७ च्या कायद्याने वृद्धास टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. न टाकणाऱ्या सुनेला रविवारी दोन तास मोकळे कसे मिळावेत, याविषयी कायद्यात काही नाही. तो प्रश्न कायद्याचा नव्हेही. म्हणून आम्ही मंडळीच्या वडिलांची सभा बोलाविली, त्यांना ‘अस्तु’ दाखविला, आणि गणना ११ वाचले. सात जणांनी नावे दिली. प्रत्येकाने एका रविवारी सकाळी नऊ ते अकरा आत्याबाईंजवळ बसावे, वहिनींनी उपासनेस यावे, असे ठरले. चमच्याने कसे भरवावे, ठसका लागल्यास काय करावे, उत्तराची वाट किती पाहावी, बोलताना खाटेजवळ खुर्ची घेऊन डोळ्यांसमोर कसे बसावे, हे वहिनींनी सर्वांस शिकविले.

पहिल्या रविवारी एक वडील आले व त्यांनी दोन तास पदे म्हटली. दुसऱ्या रविवारी त्यांच्याच पत्नी आल्या. दोन्ही वेळा वहिनी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी प्रवचनात त्यांना झोप लागली. आम्ही आवाज थोडा खाली आणला. तिसऱ्या रविवारी कोणी आले नाही. वहिनी साडेनऊपर्यंत साडी नेसून दाराशी थांबल्या होत्या, असे मागाहून कळले. उरलेल्या पाच नावांची यादी आमच्या मेजावर आहे.